अंदमानचा वरवंटा

“नोकरीतल्या गमतीजमती लिहा,” असं या अंकाच्या संपादिकेनं फोनवर सांगितलं आणि वर हळूच म्हणाली, “फार शास्त्रीय नको हं.” मी म्हटलं, शास्त्रीय येणार. दगड शिकवण्यात माझा जन्म गेला. त्यातून शास्त्र वगळलं तर खडूची धूळ आणि स्टाफरूममधला पाणचट चहा एवढंच हाती लागतं, आणि त्यावर लिहायला मला वेळ नाही.

मी सांगलीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते. वडील माधवनगरला गिरणीत मागावर. मुलगी दगडांचं शिक्षण घेते असं त्यांनी चाळीत सांगितलं तेव्हा शेजारच्या काकू हळहळल्या होत्या. एवढी हुशार पोर आणि हे काय भलतंच, अशा सुरात. नोकरीला लागल्यावर लोकांच्या लेखी माझे दोनच उपयोग उरले. कोयनेचा भूकंप होऊन काही वर्षं झाली होती, पण भीती गेलेली नव्हती. फळीवरची कपबशी खुळखुळली की “बाई, पुन्हा कधी?” असं विचारायला कुणीतरी दारात हजर. दुसरा उपयोग विहिरीचा. जतकडचे एक गृहस्थ पाण्याची जागा विचारायला आले होते, त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, “बाई, तुमी पायाळू हाय का?” पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी दिसतं, अशी समजूत. मी म्हटलं, “नाही, एम.एस्सी. आहे.” त्यांचा चेहरा पडला. चहाही न घेता गेले.

माझं खरं काम तिसरंच होतं आणि त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. ज्वालामुखीतून निघणारा दगड बदलत कसा जातो, हे माझं काम.

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठंही खणा, एकच दगड लागतो. काळा बसाल्ट. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. आपल्या डोंगरांच्या अंगावर ज्या पायऱ्या दिसतात ते हे थर. थर कितीही चढत जा, दगड जवळजवळ तोच. समुद्रातल्या बेटांचं तसं नाही. समुद्राचा एक तळ दुसऱ्याच्या खाली सरकतो, खोल जातो, जाताना पाणी घेऊन जातो. ते पाणी वरच्या तापलेल्या खडकात मुरलं की खडक वितळतो, तो रस वर चढतो आणि ज्वालामुखींची बेटं समुद्रात कमानीसारखी ओळीनं उभी राहतात. या बेटांवर एकच डोंगर कधी काळा दगड देतो, कधी करडा, कधी जवळजवळ पांढुरका. काळ्याचा पांढुरका कसा होतो, एवढाच प्रश्न. अंदमानच्या पूर्वेला समुद्रात अशी दोन बेटं आपल्या देशात आहेत. एक बॅरन, दुसरं नारकोंडम.

वर्गात बसणारी निम्मी पोरं ऊसवाल्यांची, म्हणून मी साखर कारखान्यावरून शिकवायचे. रस आटवला की साखरेचे दाणे धरतात. दाणे काढून घेतले की खाली मळी राहते. मळी उसाच्याच रसाची, पण तिची चव, रंग, सगळं वेगळं. ज्वालामुखीच्या पोटात तसंच होतं. रस निवायला लागला की आधी जड दाणे धरतात आणि तळाशी बसतात, उरलेला रस फिका होत जातो. त्यातला एक दाणा ऑलिव्हिनचा, हिरवट; तो अगदी सुरुवातीला, तापलेल्या काळ्या रसात धरतो. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, सगळ्यात शेवटी, फिक्या रसात. या दोघांचं एका घरात जमत नाही. एक असला तर दुसरा नसतो, असं पुस्तक सांगत होतं आणि पुस्तकातला तो भाग आमच्या सरांचा जीव की प्राण होता.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक, विद्यापीठातले मोठे प्राध्यापक. नाव लिहीत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दगड बघायला मला त्यांनीच शिकवलं. दगडाची चकती कापायची, काचेवर चिकटवायची आणि पूड टाकून हातानं घासत राहायचं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ होईपर्यंत. मग त्यातून उजेड पार होतो आणि काळ्या ठिक्कर दगडात निळे, गुलाबी, पिवळे तुकडे चमकायला लागतात. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकाच्या नळीवरून डोळा काढायला तयार नव्हते. सरांनी हसून दिवा बंद केला होता. काळा रस फिका होतो तो फक्त दाणे खाली बसून, दुसरं काही नाही, हे मत त्यांनी आयुष्यभर मांडलं होतं. त्यांचे जुने विद्यार्थी विद्यापीठात जिकडेतिकडे बसलेले, म्हणजे त्यांच्या मताबाहेर जाऊन दुसरा मार्गदर्शक मिळायची सोय नव्हती. माझा प्रबंध आपले दगड आणि बेटांवरचे दगड यांची तुलना करणारा होता. बेटावर जायला परवानगी मागितली तर वरून उत्तर आलं की महिलांसाठी तिथं व्यवस्था नाही. व्यवस्था मी मागितलेलीच नव्हती.

प्रबंध लिहीत होते त्याच वर्षी शेवटच्या वर्गातल्या मुलांना घेऊन कराडच्या पुढं, डोंगराचे थर दाखवायला गेले होते. एका मुलाच्या मावशीकडं जेवणाची सोय होती. मावशीचं नाव ताराक्का. उंच, सडपातळ, आवाज खणखणीत. पोरं हातपाय धूत होती आणि ती पडवीत पाट्यावर मिरची-लसूण वाटत होती. मी पाणी प्यायला गेले आणि तांब्या हातात तसाच राहिला. पाटा काळा होता, आपल्या डोंगरातला. वरवंटा करडा होता. ओला झाल्यामुळं त्यातले पांढरे ठिपके आणि काळ्या सुया लखलखत होत्या. असा दगड साताऱ्यात नाही, सांगलीत नाही, जवळपासच्या कुठल्याच डोंगरात नाही.

“ताराक्का, हा वरवंटा कुठला?”

“का वं? घान दिसतोय व्हय?”

“नाही. हा दगड इथला नाही.”

तिचा हात थांबला. मग सुनेकडं बघून म्हणाली, “आगं, ह्या बाईनी वळखलं बग.” आणि मला, “अंदमानचा हाय त्यो. यशवंता माजा, फौजंत बोटीवर आसतोय. लोकांची पोरं सुट्टीला येताना रेडू आनत्यात, घड्याळ आनत्यात. ह्यानं टरंकंत घालून धोंडा आनला. म्या म्हनलं, आपल्यात दगडाला दुष्काळ पडलाय का रं?”

झालं होतं असं. तिचा जुना वरवंटा फुटला आणि तिनं ते पोराला पत्रात कळवलं. पोरगा बेटाबेटांवर रेशन पोचवणाऱ्या बोटीवर. एका बेटाच्या किनाऱ्यावर त्याला लाटांनी घासून लांबट गोल केलेला दगड दिसला, हुबेहूब आईच्या वरवंट्याएवढा. पाथरवटाची टाकीसुद्धा लावायला लागली नाही. जगात कुठल्याही फौजेतला दुसरा जवान असा दगड उचलून ट्रंकेत घालणार नाही. आपल्या भागातलाच घालेल.

वरवंटा एकदा हातून पडला तेव्हा त्याच्या टोकाचा टवका उडाला होता आणि तो अजून कोनाड्यात होता. ताराक्कानं तो मला हसत दिला. मी यशवंताला पत्र टाकलं. उत्तर आलं: बेटाचं नाव नारकोंडम, समुद्रातनं सरळ वर आलेला हिरवागार डोंगर, पोलिसांची चौकी आहे, धूर नाही, धूरवालं बेट दुसरं, तिथं आमी उतरत नाही.

टवका नखाएवढाच होता. मी त्याचा तसाच पातळ काप केला आणि नळीला डोळा लावला. काळ्या सुया होत्या, पांढरे पट्टेदार दाणे होते. मध्ये निळा-गुलाबी चमकणारा ऑलिव्हिन. आणि कापाच्या अगदी कडेला, स्वच्छ, बिनरंगी, क्वार्ट्झ.

मी काच पुसली. पुन्हा बघितलं. एका घरात न नांदणारे ते दोघं समोरासमोर होते. क्वार्ट्झच्या एका बाजूला बारीक हिरव्या कणांचा काठ धरलेला, लुगड्याला असावा तसा. दुसरी बाजू टवका उडताना तुटून गेलेली. त्या काठाचा अर्थ मला तिथंच लागला. ज्वालामुखीच्या पोटात एक जुना फिका रस निवत पडला होता, त्यात क्वार्ट्झ धरलेला. खालून तापलेला नवा काळा रस त्यात घुसला, आपला ऑलिव्हिन घेऊन. काहिलीत गूळ होत आला असताना कुणी ताजा रस ओतावा, तसं. क्वार्ट्झ त्या नव्या रसात विरघळायला लागला आणि त्याच्याभोवती तो हिरवा काठ आला. म्हणजे दगड फक्त दाणे बसून बदलत नाही. दोन रस मिसळूनही बदलतो. तेव्हा बाहेरच्या देशांत एखाददुसरा माणूस असं म्हणायला लागला होता. आमच्याकडं ते तोंडातून काढणं म्हणजे सरांच्या घरी जाऊन सरांना खोटं म्हणणं.

मी काढलं. प्रबंधात एक प्रकरण घातलं आणि सरांकडं घेऊन गेले.

सरांनी काप बघितला, प्रकरण वाचलं आणि विचारलं, “नमुना कशाचा म्हणालात?”

“वरवंट्याचा.”

“म्हणजे राखेनं, वाळूनं घासलेला दगड. त्याच्या खळग्यात वाळूचा कण अडकला, तुम्ही त्याला क्वार्ट्झ म्हणता.” मग समोर बसलेल्या दोघा संशोधकांकडं वळून म्हणाले, “बाईंनी चटणीचा अभ्यास केलाय.”

ते दोघं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरांचं अर्धं म्हणणं रास्त होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. क्वार्ट्झ कडेला होता, काठ अर्धाच होता. वाळूच्या कणाला तसा काठ येत नाही, पण अर्ध्या काठावर पैज लावता येत नाही. वरवंट्याच्या पोटातला तुकडा कापून त्यात सगळीकडून काठ असलेला क्वार्ट्झ दाखवला की वाद मिटला. सरांनी तेही स्पष्ट सांगितलं नाही; त्यांनी सांगितलं, हे प्रकरण काढा, बाकी प्रबंध उत्तम आहे. कॉलेजात आमच्या विभागाचं प्रमुखपद रिकामं होत होतं आणि ते डॉक्टरेट असलेल्यालाच द्यायचं ठरलं होतं. हे सरांना माहीत होतं.

मी पुन्हा ताराक्काकडं गेले. घरात बाळंतपण झालेलं, सुनेला मुलगा. यशवंता सुट्टीवर आलेला. मी थेट विषयाला हात घातला: वरवंटा कापायला हवा.

“त्यो न्हाई द्यायचा आता,” ताराक्का म्हणाली.

“मी दुसरा आणून देते. पाटासुद्धा नवा देते.”

“दुसऱ्याचं काय करू? बाई, ह्यो पाळन्यात निजलाय.”

ज्यांनी बारसं बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला कुंची घालतात, काजळतीट लावतात, बायका तो पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देतात आणि बाळाच्या आधी पाळण्यात निजवतात. दगडासारखं घट्ट आयुष्य व्हावं म्हणून. तिच्या नातवाच्या आधी नारकोंडमचा दगड निजला होता.

“थोरला भाऊ हाय त्यो माज्या नातवाचा,” ताराक्का म्हणाली. “थोरल्याला करवत लावू व्हय?”

यशवंता मला वेशीपर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “बाई, आईच्या म्हागारी देतो काडून. तिला दुसरा ठिवतो, काय कळायचं न्हाई.”

“तिला कळेल,” मी म्हटलं, “आणि नाही कळलं तरी चोरीचा दगड मी सरांसमोर ठेवणार नाही.” एस.टी.त बसल्यावर मला ताराक्काचाही राग आला, माझाही आला. पण प्रकरण काढायचा विचार मनाला शिवला नाही, हे मी आज जरा तोऱ्यातच सांगते.

पुढं सर कराडला व्याख्यानाला आले. व्याख्यान संपल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, “सर, माझ्या चटणीवर आपण निकाल दिलात, पण वरवंटा बघितला नाहीत. इथून जवळ आहे.” चारचौघांत नाही म्हणणं त्यांना जड गेलं. यजमानांची जीप होतीच.

ताराक्कानं सरांना पाट बसायला दिला. सरांनी खिशातलं भिंग काढून वरवंटा उलटसुलट बघितला. त्यांचा चेहरा बदललेला मी बघितला. असा दगड सातारा जिल्ह्यात बघायला मिळेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. पण माघार घेणारा माणूस तो नव्हे.

“मावशी, हा कशानं घासता?”

“पान्यानं. का?”

“राख? वाळू?”

ताराक्कानं माझ्याकडं बघितलं. “काय म्हनत्यात ह्ये?”

मी सांगून टाकलं. “ते म्हणतात, दगडात मला जे दिसलं ते दगडातलं नाही. तुमच्या वरवंट्याला चिकटलेली वाळू आहे.”

ती उठली. आत गेली. ताटात भाकरी आणि त्याच वरवंट्यानं ठेचलेला खर्डा घेऊन आली आणि सरांपुढं ठेवला. “खावा. कचकचलं तर सांगा. ह्या घरात येऊन तीस वर्सं झाली, माजी चटणी कचकचली म्हनून कुनी ताट सारलं न्हाई.”

सरांनी खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, पण माणूस सभ्य. खर्डा संपवला आणि म्हणाले, “नाही कचकचत.”

“मग?”

“तरीपण, मावशी, दगडाच्या आत काय आहे ते कापल्याशिवाय मला मान्य करता येत नाही.”

ताराक्का मला म्हणाली, “आत बगितल्यावर मान्य करावं लागंल का ह्यास्नी?”

“दिसलं तर करावं लागेल.”

“दिसंल का?”

“दिसेल.” हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते मला सांगता येत नाही. पण म्हटलं.

तिनं वरवंटा धुतला, पुसला, हळदकुंकू लावलं. सुनेच्या मांडीवरच्या बाळापुढं नेला आणि त्याच्या कपाळाला टेकवला. मग बारशाची तीच कुंची काढली, वरवंट्याला घातली आणि माझ्या ओटीत ठेवला.

“थोरल्याला सांगलीला शिकाय पाठवलाय म्हनून सांगू सगळ्यास्नी,” ती म्हणाली. “जा घिऊन. निम्मा माघारी आन. आन् काय शिकला ते मला सांगाय ये.” तोपर्यंत ती मला अहोजाहो करत होती. त्या दिवसापासून मी तिची ‘तू’ झाले.

सर जीपनं गेले, मी एस.टी.नं. कुंचीतला दगड छातीशी धरून चढले तर एका बाईनं पोराला उठवून मला जागा दिली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता वाकून बाळ बघायला गेला आणि दचकून सरळ झाला. मी काही स्पष्टीकरण दिलं नाही. सांगलीपर्यंत तो माझ्याकडं आला नाही.

आमच्या विभागातल्या कापयंत्राचं पातं जुनं. दगड कडक. पाणी सोडत, थांबत, पुन्हा लावत मी तो स्वतः मधोमध कापला. शिपायाला हात लावू दिला नाही. पोटातून चकत्या काढल्या आणि घासायला बसले. बोटांची टोकं सोलली. पहिल्या कापात क्वार्ट्झ नव्हताच. दुसऱ्या कापात, बरोबर मध्यभागी, कडेपासून लांब, तो होता. गोल, विरघळत आलेला आणि सगळ्या बाजूंनी हिरवा काठ. शेजारी ऑलिव्हिन. मी खुर्चीत मागं टेकले आणि एकटीच मोठ्यानं हसले. आयुष्यात त्याहून मोठा आनंद मला कुणी दिला नाही. लग्न केलं नाही म्हणून असं म्हणते, असं कुणाला वाटलं तर वाटू दे.

सरांच्या खोलीत त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी काप लावला. बराच वेळ सूक्ष्मदर्शकाची तबकडी फिरवत राहिले. काप काढला, पुसला, पुन्हा लावला. मी केलं होतं तसंच.

“काठ आहे,” ते म्हणाले. “सगळीकडून.”

“हो सर.”

“वाळू नाही ही.”

“नाही सर.”

त्यांनी चष्मा काढला. थकल्यासारखे दिसत होते. “बाई, मला दिसतंय. पण मी सही करणार नाही. ह्याच्यावर सही केली तर माझं आजवर छापलेलं मलाच खोडावं लागेल, आणि तेही एका फौजीनं उचललेल्या दगडावरून. हे प्रकरण काढा. उद्या सकाळी बाकीच्यावर सही करतो. तुमचं प्रमुखपद पक्कं.”

फौजीनं उचलल्याचा आक्षेप खरा होता. एका दगडावर सिद्धांत उभा राहत नाही, आणखी नमुने हवेत, हे मीच प्रकरणाच्या शेवटी लिहिलं होतं. पण नाही म्हणायचं खरं कारण ते नव्हतं, आणि खरं कारण त्यांनी लपवलंही नव्हतं. एवढ्यापुरता तो माणूस प्रामाणिक होता.

मी म्हटलं, “सर, बाकीच्या पानांत दुसऱ्यांनी बघितलेलं आहे. मी बघितलेलं तेवढ्याच पानांत आहे. ती काढली तर माझं काय उरतं?”

“डॉक्टरेट उरते,” ते म्हणाले.

“मग ती राहू दे,” मी म्हटलं आणि प्रबंध उचलला. नमस्कार केला. तो मनापासून केला. दगड बघायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. परिषदेत समोर आले की दुसरीकडं बघायचे. ते गेल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं आणि मी त्या दिवशी वर्ग घेऊ शकले नाही. त्यांनी एकदा बोलायला हवं होतं, असं अजून वाटतं.

प्रमुखपद दुसऱ्याला मिळालं. मला त्याच्या हाताखाली, निवृत्त होईपर्यंत.

निम्मा वरवंटा घेऊन मी ताराक्काकडं गेले. तिनं थोरल्याला तोडू दिलं आणि मी सहीशिवाय, रिकाम्या हातानं आले होते. आमच्याकडं फुटका वरवंटा घरात ठेवत नाहीत, हेही डोक्यात होतं. तिनं कापलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. गुळगुळीत.

“फुटलेला न्हाई ह्यो,” म्हणाली, “कापल्याला हाय.” आणि पाट्यावर ठेवला. “त्या मास्तरनं बगितलं का?”

“बघितलं.”

“मान्य केलं?”

“मला सांगितलं. कागदावर नाही देत म्हणाले.”

ती थोडा वेळ मिरचीची देठं खुडत राहिली. “म्हंजी त्यास्नी ठावं हाय.”

“हो.”

“मग तू का रडतीस? तुला कुटं खोटं पाडलंय त्यांनी? ऊठ, तोंड धू. जेवाय बस.”

मी जेवले. निम्म्या वरवंट्यानं वाटलेली चटणी होती. कचकचली नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात. काही वर्षांनी दोन रस मिसळून दगड बदलतो हे जगभर मान्य झालं, पाठ्यपुस्तकात आलं, आणि मी ते पुस्तकातून शिकवू लागले. त्यात माझं नाव नाही, असायचं कारणही नाही. दुसऱ्यांनी दुसऱ्या बेटांवर जाऊन, ढीगभर दगड आणून ते सिद्ध केलं. नारकोंडमला मी आजतागायत गेलेले नाही. त्याचं वाईट वाटतं. पण माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पोरानं तो काप नळीखाली बघितला आहे. पुस्तक काय म्हणतं ते परीक्षेत लिहा, मी सांगायचे, आणि डोळ्यांना काय दिसतं ते लक्षात ठेवा.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजनं समारंभ केला. शाल, नारळ, भाषणं. नव्या प्राचार्यांनी कौतुकाचे चार शब्द बोलून शेवटी आवाज खाली आणला: “बाईंचं संशोधन मात्र काही कारणानं अपुरं राहिलं, ही आम्हां सर्वांना खंत आहे.” लोकांनी माना हलवल्या. काही जणांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. मी बसल्या जागेवरून उठले, माइकपर्यंत गेलेही नाही.

“संशोधन पुरं झालं होतं,” मी म्हटलं. “सही अपुरी राहिली.”

आणि खाली बसले.